याकोब या नावात फसवणूक आहे का?

श्रीरामपूरहून एका ताईंचे पत्र आले आहे. लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांना मुलगा झाला असून पुढच्या महिन्यात त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आहे. बाळाला त्याच्या पणजोबांचे, म्हणजे याकोब मास्तरांचे, नाव द्यावे अशी सासूबाईंची इच्छा आहे. मास्तरांचे पवित्र शास्त्र घरात अजून जपून ठेवलेले आहे आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी शाईने, वळणदार अक्षरात, आपले नाव घातलेले आहे. सगळे ठरत आले होते. परंतु घरच्या प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितले, की याकोब म्हणजे फसवणारा, आणि जसे नाव तसा माणूस हे शास्त्रातच आहे, नाबालाचे काय झाले ते आठवा. ताईंनी मोबाइलवर अर्थ शोधला, तर तेथेही ‘फसवणारा, दुसऱ्याची जागा बळकावणारा’ असेच निघाले. यजमानांचे म्हणणे, जेकब ठेवू. आईचा मान राहील आणि अर्थ कोणाच्या लक्षात येणार नाही. ताई विचारतात, की हा अर्थ खरा आहे का, तो बाळाला बाधेल का, आणि याकोब, जेकब व याकूब यांपैकी शुद्ध रूप कोणते मानावे.

ताई, सप्रेम सलाम.

आपली झोप उडाली आहे असे आपण लिहिता, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. नाव याकोबच ठेवा. ‘फसवणारा’ हा त्या नावाचा मूळ अर्थ नव्हे. तो याकोबाच्या थोरल्या जुळ्या भावाने, एसावाने, रागाच्या भरात केलेला अर्थ आहे, आणि तो ज्या प्रसंगी केला तो प्रसंग बाजूला सारून नुसता अर्थ उचलल्यामुळे हा घोटाळा झाला आहे.

उत्पत्तीच्या २५व्या अध्यायात रिबकेला जुळे होते. पहिला बाहेर येतो तो तांबूस आणि केसाळ, आणि दुसरा येतो तो पहिल्याची टाच हातात धरून. टाचेला हिब्रू भाषेत ‘आकेव’ म्हणतात. त्यावरून दुसऱ्याचे नाव ‘यअकोव’, म्हणजे आपला याकोब. बाळंतिणीच्या खोलीतली ही गोष्ट आहे आणि तिच्यात कोणालाही दोष दिलेला नाही. दोष येतो तो पुढे २७व्या अध्यायात, दोघे मोठे झाल्यावर. शिकारीहून आलेला एसाव रुचकर पदार्थ रांधून आंधळ्या बापापुढे ठेवतो, आणि तेव्हा त्याला कळते की आशीर्वाद केव्हाच धाकटा घेऊन गेला. तो हंबरडा फोडतो आणि म्हणतो, की याचे नाव याकोब पडले ते उगाच नाही, याने मला दोनदा ‘यअकवेनी’ केले. अयिन, कोफ आणि बेथ ही तीनच हिब्रू अक्षरे आहेत. नाव तेच, टाच तीच आणि एसावाचे क्रियापदही तेच. टाचेवरून पायात पाय घालणे आणि त्यावरून दगा देणे असा तो अर्थाचा प्रवास आहे. आपल्याकडे ‘पाय ओढणे’ म्हणतात त्याच्याच जवळपासचे हे आहे, आणि पाय ओढणारे बहुधा घरचेच असतात हेही दोन्ही भाषांना ठाऊक दिसते.

आता विचार करा. इसहाक आणि रिबका यांनी पाळण्यातल्या मुलाचे नाव ठेवले तेव्हा पुढे तो काय करणार हे त्या नावात कोंबून ठेवले होते काय? एसावाने आपल्या दुःखात भावाच्या नावाची अशी फोड केली, की ऐकणाऱ्याच्या ती कायमची लक्षात राहावी. फोड अचूक बसली म्हणून ती व्युत्पत्ती होत नाही. नावांची यादी करणाऱ्यांनी तेवढे एक वाक्य घेतले आणि ते शब्दकोशातल्या अर्थासारखे मांडून ठेवले.

पवित्र शास्त्रात नावांचा अर्थ बहुधा कानाने सांगितलेला असतो, व्याकरणाने नव्हे. आपल्या स्थलपुराणांत गावाच्या नावाच्या नादावरून कथा उभी राहते, साधारण त्याच रीतीने. योसेफाचे उदाहरण पाहा. उत्पत्ति ३०:२३-२४ मध्ये राहेल सलग दोन वाक्यांत त्याच्या नावाचे दोन अर्थ सांगते. देवाने माझी नामुष्की दूर केली, असे ती आधी म्हणते आणि तेथे ‘आसाफ’ हे क्रियापद येते. आणि लगेच, परमेश्वर मला आणखी एक मुलगा देवो, असे म्हणते, तेथे ‘योसेफ’ येते. व्याकरणाला दुसराच अर्थ चालतो. पण आईच्या मनात दोन्ही होते आणि लिहिणाऱ्याने दोन्ही ठेवले. हन्नेचे तर याहून गमतीचे आहे. मी याला परमेश्वराजवळ मागून घेतले, म्हणून याचे नाव शमुवेल, असे ती १ शमुवेल १:२० मध्ये म्हणते. मागणे याला हिब्रूत ‘शाअल’, आणि मागितलेला तो ‘शाऊल’. म्हणजे हन्नेने सांगितलेला अर्थ अक्षरशः लागू पडतो तो शमुवेलाने पुढे ज्याला राजा म्हणून अभिषेक केला त्या शौलाच्या नावाला! २८व्या वचनात ती बाळाला परमेश्वराला देऊन टाकते, त्या वाक्यात मूळ हिब्रूत ‘शाऊल’ हाच शब्द जसाच्या तसा आलेला आहे. शमुवेल या रूपाची फोड ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव देव’ अशी होते. म्हणून कोणी हन्नेला चुकीचे ठरवत नाही. ती व्याकरण शिकवत नव्हती. रडून रडून मागितलेल्या मुलाला कडेवर घेऊन बोलत होती. सहा वर्षे वाट पाहिलेल्या आपल्याला हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

मग व्याकरण याकोबाविषयी काय म्हणते? त्यासाठी हिब्रू नावाची घडण थोडी पाहावी लागेल.

आपली नावे बहुतेक समास असतात. हिब्रू नाव पुष्कळदा एक छोटे वाक्य असते. त्यात क्रियापद असते आणि कर्ता बहुधा देव असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या मुलाचे नाव देवदत्त होते. तेच हिब्रूत वाक्य करून म्हटले की ‘नथनेल’ होते, म्हणजे ‘दिले देवाने’. शब्दांची अदलाबदल केली की ‘एलनाथान’. देवाचे नाव गाळून नुसते क्रियापद ठेवले की ‘नाथान’, म्हणजे ‘त्याने दिले’, आणि तो कोण हे घरच्यांना ठाऊक असतेच. या नावांत ‘एल’ म्हणजे देव. आणि ‘याहू’ किंवा ‘या’ हा परमेश्वराच्या चार अक्षरी नावाचा आखूड केलेला भाग. नहेम्या, जखऱ्या आणि ओबद्या ही नावे मराठी कानाला गण्या, बाळ्या यांच्या पंक्तीतली वाटतात आणि संडे स्कूलमधली मुले त्यावर हसतातही. पण तो शेवटचा ‘या’ लाडाचा किंवा तुसडेपणाचा नाही, तेथे देवाचे नाव बसलेले आहे. ओबद्या म्हणजे सरळसरळ आपला हरिदास.

याकोबाच्या आरंभी जो ‘य’ आहे तो क्रियापदाचा आहे. इसहाक (मूळ ‘यित्सहाक’, म्हणजे ‘तो हसतो’) आणि योसेफ (‘तो वाढवो’) यांच्याही आरंभी तोच आहे, आणि त्याचा अर्थ ‘तो करतो’ किंवा ‘तो करो’ असा होतो. तेव्हा ‘यअकोव’ हे वाक्याचे पहिले पद झाले आणि पुढचा कर्ता गळला, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. असे गळणे नवे नाही. यहूदाचा राजा आहाज हा शास्त्रात नुसता आहाज आहे, पण अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसराच्या शिलालेखात त्याचे नाव पुढे देवाचे नाव लावून, पूर्ण यहोआहाज अशा रूपात आलेले आहे. याकोबाचे पूर्ण रूप ‘याकोब-एल’ असे असावे, आणि हा केवळ तर्क नाही: उत्तर सीरियात छागर बाझार येथे सापडलेल्या इ.स.पू. १८व्या शतकातील मातीच्या पाट्यांवर नेमके या घडणीचे माणसाचे नाव कीलाक्षरांत कोरलेले आहे. इजिप्तवर राज्य केलेल्या परक्या हिक्सोस लोकांच्या काळातील मुद्रांवर ‘याकूब-हर’ या नावाचा राजा भेटतो. हे आपले याकोब नव्हेत. पण नाव त्या मुलखात चालते होते आणि मोठी माणसे ते अभिमानाने मिरवीत होती, एवढे त्यावरून कळते.

या वाक्याचा अर्थ काय? इथिओपियाची जुनी धर्मभाषा गीझ ही हिब्रूच्याच कुळातली आहे, आणि तिच्यात याच तीन अक्षरांच्या क्रियापदाचा अर्थ ‘राखणे, पहारा करणे’ असा आहे. टाच मागे असते; जो मागून येतो, पाठीशी राहतो, तो राखतो, असा हा दुसरा प्रवास आहे. म्हणून ‘देव राखो’ हा याकोब-एल या नावाचा सर्वांत पटणारा अर्थ मानला जातो आणि मलाही तोच पटतो. कोणी आईबाप मुलाचे नाव ‘देव दगा देवो’ असे ठेवतील हे संभवत नाही. शास्त्रातच याच मुळापासून झालेले ‘अक्कूब’ असे एक नाव आहे. एज्रा २:४२ आणि नहेम्या १२:२५ ही वचने काढून पाहा. या नावाची माणसे मंदिराच्या वेशीवर द्वारपाळ म्हणून काम करताना दिसतात. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

आपल्या प्रार्थनासभेतल्या बाईंचे म्हणणे मात्र पोकळ नाही, आणि त्यांना तसे भासवूही नका. एसावाची ती फोड इस्राएली लोकांच्या मनात खोल रुतली होती. होशेय १२:३ मध्ये संदेष्टा त्या टाचेची आठवण काढतो, आणि यिर्मया ९:४ मध्ये तर ‘प्रत्येक भाऊ दगाच देतो’ असे म्हणताना ते क्रियापद अशा रीतीने वापरले आहे की ऐकणाऱ्याला याकोबाचे नाव ऐकू यावेच. पण तेथे संदेष्टे संपूर्ण राष्ट्राचा कान पकडीत आहेत. आपल्या राष्ट्रपुरुषाचे नाव घेऊन लोकांना लाजवणे वेगळे आणि पाळण्यातल्या बाळावर ठपका ठेवणे वेगळे.

नाबालाकडे वळू. १ शमुवेल २५:२५ मध्ये नाबालाची बायको अबीगईल दाविदापुढे म्हणते, की जसे नाव तसाच तो, नाबाल नाव आणि मूर्खपणा अंगी. दावीद तलवार बांधून चारशे माणसांनिशी तिच्या घरावर चालून येत होता हे लक्षात घ्या. नवऱ्याचा जीव वाचवायला ती बाई त्यालाच मूर्ख ठरवते आणि त्याचे नाव पुराव्यादाखल पुढे करते. हा चतुर गृहिणीचा युक्तिवाद आहे; सर्व माणसांसाठी सांगितलेला नियम नव्हे. शिवाय तीच अक्षरे द्राक्षारसाच्या बुधल्यालाही लागू पडतात, आणि ३७व्या वचनात नाबालाचा द्राक्षारस उतरल्यावर त्याचे काळीज दगड होते, तेथे लिहिणारा या दुसऱ्या अर्थाशीही खेळतो आहे. एकाच नावाचे एकाच अध्यायात दोन खेळ!

जसे नाव तसा माणूस, हा नियम शास्त्र स्वतःच पाळत नाही. १ इतिहास ४:९-१० मध्ये याबेस येतो. यहूदाच्या वंशावळीतल्या नावांच्या लांबच लांब रांगेत लेखक मध्येच थांबतो आणि दोन वचने त्याला देतो. मी याला वेदनेने प्रसवले, म्हणून आईने त्याचे नाव याबेस ठेवले. वेदना म्हणजे ‘ओसेब’. नावात त्याच अक्षरांचा क्रम उलटापालटा झालेला आहे, जणू वेदना थेट उच्चारायची नाही म्हणून. तो मोठा होतो, भावांपेक्षा अधिक मान मिळवतो आणि देवाला विनवतो, की माझ्यावर वेदना येऊ देऊ नकोस. देव त्याचे मागणे देतो. नावाने ठरवलेले भविष्य येथे एका प्रार्थनेत संपते. राहेलचा शेवट आठवा. बेथलेहेमच्या वाटेवर प्राण जाताना ती बाळाला बेनओनी, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, असे नाव देते, आणि बाप ते बदलून बन्यामीन, म्हणजे ‘उजव्या हाताचा पुत्र’, असे करतो. तो बाप कोण? ज्याच्या नावाची आपण धास्ती घेतली आहे तोच याकोब. नावाचा भार मुलावर पडू नये याची काळजी त्याला आपल्याइतकीच होती.

आणि त्याच्या स्वतःच्या नावाचे देवाने काय केले? यब्बोक नदीच्या काठी रात्रभर झोंबी झाल्यावर त्याला इस्राएल हे नाव मिळाले. तेथे ‘तुझे नाव काय’ या प्रश्नाला त्याने ‘याकोब’ असे उत्तर दिले, आणि पुष्कळ उपदेशांत ते ‘मी फसवणारा आहे’ अशी कबुली म्हणून सांगितले जाते. मला ते ओढूनताणून आणलेले वाटते. वचनात एका शब्दाचे उत्तर आहे, बाकीचे उपदेशकाचे. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. अब्रामाचा अब्राहाम झाल्यावर देवाने त्याला पुन्हा अब्राम म्हणून हाक मारली नाही. याकोबाचे तसे नाही. उत्पत्ति ४६:२ उघडा: म्हातारा झालेला तो मिसरला निघाला आहे, बैर-शेब्यात रात्रीचा मुक्काम आहे, आणि लेखक लिहितो की देव ‘इस्राएलाशी’ बोलला, पण देव हाक मारतो ती ‘याकोबा, याकोबा’ अशी. जळत्या झुडपातून मोशेला स्वतःची ओळख सांगतानाही देवाने याकोबाचा देव असे म्हटले. टाकून द्यायचे नाव असते तर त्याने ते आपल्या नावाशेजारी ठेवले नसते.

रूपाविषयी थोडक्यात. मूळ उच्चारात ‘य’ नंतर अयिन नावाचे घशातून निघणारे अक्षर आहे आणि शेवटी ‘ब’ नव्हे, ‘व’ ऐकू येतो. अरबीने अयिन जपले म्हणून याकूब झाले. ग्रीकने ते गाळले आणि ‘याकोबोस’ केले. मराठी शास्त्रातला याकोब त्याच्या बराच जवळ आहे. लॅटिनमधून युरोपात जाताना आरंभीचा ‘य’ इंग्रजांच्या तोंडी ‘ज’ झाला आणि जेकब आले. इंग्रजीत आणखी एक गंमत झाली आहे: जुन्या करारातला तो जेकब, आणि नव्या करारातला, जब्दीचा मुलगा, मात्र जेम्स. दोन्ही एकच नाव आहे, हे इंग्रजी वाचणाऱ्याला मुद्दाम सांगावे लागते. मराठी शास्त्रात दोघेही याकोब आहेत, त्यामुळे ते आपल्याला आपोआप कळते. स्पेनचा सांतियागो हादेखील संत याकोबच.

म्हणून तिन्ही रूपे शुद्ध आहेत. प्रश्न एवढाच की आपल्या घरात कोणते नांदेल. माझा कौल याकोबाला आहे, आणि त्याचे एक कारण अगदी मराठीचे आहे. याकोब हे नाव विभक्ती घेते: याकोबाला, याकोबाने, ‘याकोबाचा देव’. जेकबाने असे आपण कोणी म्हणत नाही. ते नाव पाहुण्यासारखे प्रत्ययाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहते. कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, लोकांनी ही नावे याहूनही घरची करून घेतली होती. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये बांधणारे दिवेकर कागदोपत्री सॅम्युअल इझिकेल असले, तरी आपल्या माणसांत ते समाजी हसाजी होते. शमुवेलाचा समाजी आणि यहेज्केलाचा हसाजी झाला. हिब्रू नावाला पुढे मराठी ‘जी’ लागला आणि कोणाचे काही बिघडले नाही.

यजमानांना सांगा, की जेकब केल्याने अर्थ लपणार नाही, आणि लपवण्यासारखे काही नाहीही. मुलाला पुढे हाक मारायला जेकब हवे असेल तर त्याचे मित्र ते आपण होऊन करतील. त्या बाईंशी वाद घालू नका. बाप्तिस्म्याच्या दिवशी २०वे स्तोत्र वाचण्याची विनंती त्यांनाच करा. त्याच्या पहिल्या वचनात याकोबाच्या देवाचे नाव तुझे रक्षण करो, असे आहे. नाव आणि राखणे एकाच ओळीत आले आहेत, तेव्हा त्या वाचता वाचता स्वतःच थांबतील.

जन्मनोंदणीत विलंबशुल्काशिवाय नाव घालायला वर्षभराची मुदत असते, तेव्हा घाई नाही. स्पेलिंग वाय, ए, के, ओ, बी असे द्या. मधे ‘ओ’ ठेवा, नाहीतर शाळेत हजेरी घेताना याकब होईल. आणि देवनागरीत शंका आलीच, तर मास्तरांच्या शास्त्राचे ते पहिले पान उघडा आणि तेथे आहे तसे उतरवून घ्या.